खुळ्या रोपाची गोष्ट

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या धाकट्या पुतण्याचा फोन आला. "काकू, काकडीचे वेल वेडे झालेत."

आता मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. काकडीचं वेड काढणं माझ्या विषयात बसत नाही. पण हा मुलगा लहानपणापासून काहीही अडलं की आधी मला सांगतो, मग जाणकाराकडे जातो. त्यामुळे ऐकून घेतलं.

निफाडकडे घरची द्राक्षबाग आहे हे नातेवाईकांना ठाऊकच आहे. बागेला लागून अर्ध्या एकरात त्याने काकडी लावली होती. द्राक्षासाठी आणलेली जीएची एक पुडी उरली होती. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगते: जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. पांढरी भुकटी असते. पाण्यात सहज विरघळत नाही म्हणून आधी अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवतात, मग पाण्यात मिसळून घड त्यात बुडवतात. बिनबियांच्या द्राक्षाचा मणी त्याने टपोरा होतो.) याने विचार केला, द्राक्षाचा मणी फुगतो तर काकडी का नाही फुगणार? आणि अंदाजाने तीन फवारण्या मारल्या.

वेल वाढले. असे वाढले की शेजारचे बघायला आले! दोन पेरांमधलं अंतर वीतभर. आठ दिवस तो खुशीत होता. मग फुलं आली आणि ती जवळजवळ सगळी नर फुलं. मादी फूल शोधावं लागत होतं. मादी फूल नाही तर काकडी कुठून येणार? त्या पैशांतून मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. ती शेवटी द्राक्षाच्या पैशांतून, उशिरा भरली गेली.

माझी भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला विचारलं तर ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "मावशी, जिबरेलिनने काकडीत नर फुलं वाढतात हे जुनंच ज्ञान आहे. ज्या जातींना फक्त मादी फुलं येतात त्यांचं बी धरताना मुद्दाम नर फुलं आणायला हेच वापरतात. दादाने नेमकं ते केलं, फक्त नको असताना." आणि पुढे म्हणाली, "हे द्रव्य सापडलं कसं ते वाच. तुझ्या इतिहासातलंच आहे."

वाचलं. महिनाभर तेच वाचत होते. त्यातलं मला जे समजलं ते इथे मांडते.

गोष्ट सुरू होते जपानात. तिथल्या भातशेतीत एक जुना रोग होता. रोपवाटिकेत काही रोपं एकाएकी इतरांच्या डोक्यावर जायची. उंच, बारीक, फिकट पिवळट. नवख्या माणसाला वाटावं, काय जोमदार रोप आहे! पण शेतकरी फसत नसे. अशी रोपं लावणीनंतर मरायची, आणि जगली तरी लोंबी पोचट निघायची. जपानी शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं होतं 'बाकानाए'. बाका म्हणजे खुळा, नाए म्हणजे रोप. खुळं रोप! पुतण्याच्या तोंडून आलेला 'वेडे' हा शब्द आणि हा शब्द जवळजवळ एकच. शेतकऱ्याची नजर कुठल्याही देशात सारखीच असते म्हणायची.

१८९८ साली शोतारो होरी या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा रोग एका बुरशीमुळे होतो. ती बुरशी बियाण्याबरोबर येते, रोपाच्या मुळांत आणि बुंध्यात शिरते. म्हणजे गुन्हेगार सापडला. माझ्यासारखीने इथे वही मिटली असती. शाळेत मी काही वर्षं विज्ञानाच्या शिक्षकांच्या रजेत त्यांचे तास घेतले आहेत, आणि तेव्हा फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे: बुरशी – रोग – उपाय. तीन शब्दांत धडा संपवला.

पण काही माणसांना प्रश्न पुरत नाही. रोगाने रोप वाळावं, सडावं, खुजं राहावं हे समजतं. रोगाने रोप *वाढतं* कसं?

त्या काळी तैवान जपानच्या ताब्यात होतं (१८९५ ते १९४५). तिथे काम करणाऱ्या केनकिची सावादाने १९१२ साली अशी शंका मांडली की बुरशीच्या तंतूंपासूनच रोपाला वाढीची चेतना मिळत असावी. आणि १९२६ साली तैवानमध्येच एइची कुरोसावाने ती शंका तपासली. त्याची रीत इतकी सोपी आहे की सातवीच्या वर्गात सांगता येईल. त्याने बुरशी वेगळ्या पोषक द्रवात वाढवली. मग तो द्रव गाळून बुरशी पूर्ण काढून टाकली आणि नुसतं गाळलेलं पाणी भाताच्या निरोगी रोपांना दिलं. रोपं खुळ्यासारखी वाढली! म्हणजे करामत बुरशीच्या शरीराची नव्हती, तिने पाण्यात सोडलेल्या कुठल्यातरी द्रव्याची होती.

ते द्रव्य हाती लागायला आणखी बारा वर्षं गेली. टोकियो विद्यापीठात तेइजिरो याबुता त्यामागे लागले होते. १९३४ साली त्यांना त्या द्रवातून स्फटिक मिळाले. रोपांना देऊन पाहिले तर वाढ खुंटली! एकाच बुरशीच्या पोटात वाढवणारं आणि खुंटवणारं अशी दोन्ही द्रव्यं होती, आणि आधी हाती आलं ते उलटं. बुरशीचं खाद्य बदलून बघितलं तेव्हा ते खुंटवणारं द्रव्य मागे पडलं. १९३५ साली याबुतांनी वाढवणाऱ्या द्रव्याला बुरशीच्या शास्त्रीय नावावरून 'जिबरेलिन' हे नाव दिलं, आणि १९३८ साली त्यांनी व युसुके सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवले.

हे सगळं जपानी भाषेत छापलं जात होतं. पुढे महायुद्ध आलं. बाहेरच्या जगाला त्याची दाद ना फिर्याद. १९५०च्या सुमारास अमेरिकन आणि इंग्रज संशोधकांना ते जुने जपानी निबंध सापडले. अमेरिकेत काम सुरू झालं ते मेरीलँडमधल्या कॅम्प डेट्रिक इथे. तो लष्कराचा तळ होता आणि जैविक युद्धाचं संशोधन तिथे चालायचं. मग इलिनॉयमधल्या पिओरियाच्या शेतकी प्रयोगशाळेत काम झालं. इंग्लंडमध्ये आय.सी.आय. कंपनीच्या वेल्विनच्या प्रयोगशाळेत १९५४ साली जे शुद्ध द्रव्य निघालं त्याला 'जिबरेलिक अ‍ॅसिड' म्हटलं गेलं. माझ्या पुतण्याच्या पुडीतलं ते हेच. आजही ते मुख्यतः त्याच खुळ्या रोपाच्या बुरशीला मोठ्या टाक्यांमध्ये वाढवून काढतात. भाताचा रोग द्राक्षाचं टॉनिक झाला तो असा.

आता गोष्ट संपली असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण खरी गंमत पुढे आहे.

१९५८ साली इंग्लंडमध्ये मॅकमिलन आणि सुटर या दोघांनी घेवड्याच्या एका जातीच्या कच्च्या बियांतून जिबरेलिन वेगळं काढलं. त्या घेवड्याला कुठलाही रोग नव्हता. म्हणजे हे द्रव्य बुरशीची मिरास नव्हतं. झाड स्वतःच ते बनवत होतं, अगदी थोडं थोडं. बी रुजताना, कांडं लांबताना, फूल येताना. ते झाडाचं स्वतःचं संप्रेरक निघालं. बुरशीने झाडाची भाषा उचलली होती आणि त्या भाषेत ती त्याच्या कानात ओरडत होती. (पुढे जनुकं तपासल्यावर कळलं की झाडं आणि बुरशी हे द्रव्य बनवायला आपापल्या वाटेने, स्वतंत्रपणे शिकली. एकमेकांची नक्कल नाही. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले.)

मग मागच्या गोष्टींचा उलगडा होऊ लागला. मेंडेलचा वाटाणा आठवतो? उंच आणि बुटका, तीनास एक. १८६६ साली त्याचा निबंध छापला गेला. तो बुटका वाटाणा बुटका का, हे १९९७ साली नक्की झालं: जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं त्याचं जनुक बिघडलेलं आहे. एकशेतीस वर्षांनी उत्तर आलं!

आणि माझं एक उत्तर पन्नास वर्षं अर्धवट राहिलं होतं, ते इथे मिळालं.

मी नोकरीला लागले ती १९७२च्या दुष्काळानंतर लगेच. वर्गातल्या मुलांनी दुष्काळी कामावरची सुकडी खाल्लेली होती, मिलोच्या भाकरी खाल्लेल्या होत्या. त्यांना हरितक्रांतीचा धडा शिकवताना 'बुटक्या जातींमुळे उत्पादन वाढले' हे वाक्य आलं. एका मुलीने विचारलं, "बाई, बुटकं रोप जास्त दाणे कसं देईल? मोठ्या झाडाला जास्त फळं लागतात ना?" मी म्हटलं, "बुटकं रोप वाऱ्याने लोळत नाही." उत्तर चुकीचं नव्हतं. पण तिचं समाधान झालं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.

बाई, हे घे पूर्ण उत्तर. तैवानमध्ये भाताची एक बुटकी जात होती. तिच्यापासून 'तायचुंग नेटिव्ह १' ही जात झाली, आणि फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तिच्याच संकरातून १९६६ साली 'आयआर ८' आली. या भातांचा बुटकेपणा कशामुळे, ते २००२ साली उकललं. जिबरेलिन बनवणारं एक जनुक त्यात निकामी आहे. म्हणून जिबरेलिन कमी, कांडं आखूड. खत घातलं की जुना उंच भात माजायचा, ताटं वाढवायचा आणि लोंबीच्या भाराने आडवा व्हायचा. हा बुटका भात उभा राहिला, आणि ताटात जाणारं अन्न दाण्यात घालू लागला. गव्हाचंही तेच. नोरिन १० या जपानी गव्हाकडून आलेला बुटकेपणा म्हणजे जिबरेलिन असूनही त्याचा हुकूम न ऐकणं. हे १९९९ साली कळलं.

बघा आता. जिबरेलिन जास्त झालं तर खुळं रोप, उंच आणि पोचट. जिबरेलिन थोडं कमी केलं तर अर्ध्या जगाची भूक भागवणारं पीक. आणि बुटक्या भाताचा वंश आणि कुरोसावाचा प्रयोग, दोन्ही त्याच तैवान बेटावरचे.

वाढ म्हणजे पीक नव्हे. हे एक वाक्य कळायला माणसाला शंभर वर्षं लागली, आणि आमच्या घरात ते अर्धा एकर काकडीला कळलं.

मग झाड स्वतः हे माप कसं सांभाळतं? भाचीने मला समजेल असं सांगितलं. झाडाच्या पेशीत काही प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की ती प्रथिनं मोडली जातात, ब्रेक सुटतो. काम झालं की झाड जादा जिबरेलिन पुसून टाकतं आणि नवीन बनवणं कमी करतं. म्हणजे घरात हिशेबी बाई असावी तसं. आता खुळ्या रोपाची बुरशी जे जिबरेलिन सर्वात जास्त बनवते, आणि जे आपल्या पुडीत असतं, त्याची घडण अशी आहे की झाडाच्या खोडरबरने ते सहज पुसलं जात नाही. झाड म्हणतं पुरे, आणि हुकूम चालूच राहतो! पुतण्याच्या वेलांचं नेमकं हेच झालं होतं.

आणि इथे मुळांतल्या दुसऱ्या बुरशा येतात. त्यांच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

सगळ्याच बुरशा शत्रू नसतात. १८८५ साली जर्मनीत फ्रांक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाची मुळं आणि बुरशी यांच्या संसाराला 'मायकोरायझा' असं नाव दिलं. बुरशी मुळांना पाणी आणि खनिजं आणून देते, झाड तिला साखर देतं. एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण काही बुरशा मुळांच्या आत, पेशींच्या आधाराने गुपचूप राहतात. रोग नाही, डाग नाही. बाहेरून मूळ निरोगीच दिसतं.

दक्षिण कोरियात देगू इथल्या क्युंगपूक विद्यापीठातल्या संशोधकांनी काकडीची आणि सोयाबीनची निरोगी मुळं घेतली, वरून निर्जंतुक केली आणि आतल्या बुरशा वाढवल्या. मग प्रत्येक बुरशीचं गाळलेलं पाणी भाताच्या रोपांना देऊन पाहिलं. हो, कुरोसावाचीच रीत, ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतर! त्यासाठी त्यांनी वापरलेला 'वाइतो-सी' हा भात मुद्दाम बुटका आहे, कारण त्याला स्वतःला पुरेसं जिबरेलिन बनवता येत नाही. तो वाढला की समजायचं, पाण्यात काहीतरी आहे. काही पाण्यांनी तो वाढला. तपासल्यावर निरनिराळी जिबरेलिनं मिळाली, आणि सोबत ऑक्झिन हे दुसरं संप्रेरकही. २०१२ साली त्यांनी छापलं की काकडीच्या मुळांतल्या अशा बुरशांची सोबत असलेली काकडीची रोपं खारट पाण्याचा ताण बिनसोबतीच्या रोपांपेक्षा चांगला सोसतात, हिरवी राहतात, वजनाला भरतात.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. राजस्थानच्या वाळवंटात काटेरी झुडपांच्या मुळांजवळच्या मातीत दिल्लीच्या संशोधकांना एक बुरशी सापडली. १९९८ साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि 'इंडिका' हे आपलं नाव तिला मिळालं. तीही मुळांत राहते, ऑक्झिन बनवते, आणि कितीतरी पिकांची वाढ सुधारते. आपले शेतकरी शेणखतात मिसळून टाकतात त्या ट्रायकोडर्माच्या एका जातीबद्दलही २००९ साली मेक्सिकोच्या संशोधकांनी असंच दाखवलं, की ती ऑक्झिन बनवते आणि त्याने मुळांना फाटे फुटतात.

तर द्रव्य तेच. खुळ्या रोपाची बुरशीही मुळांतून शिरणारी, काकडीतली ही पाहुणीही मुळांत राहणारी. फरक पडतो तो किती, कधी आणि कुणाच्या सोयीने, यात. एक घर लुटून पुढे जाते. दुसरीला त्याच घरात राहायचं असतं, घर पडलं तर ती कुठे जाणार? पुतण्याच्या पंपाला तर घरच नव्हतं. त्याला फक्त नोझल होतं.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा अर्धं उत्तर दिल्यासारखं होईल. कोरियातले ते प्रयोग कुंड्यांमधले आणि कोवळ्या रोपांवरचे. तिथे रोपाची उंची, वजन, हिरवेपणा मोजला. शेतात माती वेगळी, पाणी वेगळं, आणि मातीत आधीपासून राहणाऱ्या हजार बुरशा नव्या पाहुणीला जागा देतील असं नाही. आणि उंचीवर भाळायचं नाही, एवढं तर आपण या सगळ्या इतिहासातून शिकलोच.

यंदा पुतण्याने पुन्हा काकडी लावली आहे. परवा फोन आला. "काकू, मुळांच्या बुरशीची पिशवी मिळतेय दुकानात. टाकू का?"

मी म्हटलं, "अर्ध्या ओळींना टाक, अर्ध्यांना नको. पाणी, खत दोन्हीकडे सारखं. ओळींना खुणेच्या काठ्या लाव. वेलाची उंची मोजू नकोस, तोड्याला काकडी तोल. आणि वहीत लिही."

"काकू, तुम्ही शाळेतल्यासारखंच करता."

"मग? कुरोसावानेही हेच केलं."

"कोण?"

तर हा लेख त्याच्यासाठी. दिवाळीला येताना वही घेऊन ये असं बजावलंय. वजनं बघून मगच बोलू. आणि वाचकांपैकी कुणी भाजीपाल्याला अशी बुरशी वापरली असेल तर मला जरूर कळवा. पण वेल किती वाढला ते नको, काकडी किती निघाली ते कळवा!